साळूबाईच्या बागेचा फोटो

ड्रोन उडायच्या आधीच साळूबाईनं विचारलं होतं, "काय रे कल्याण, वरून तुला काय काय दिसतं?"

"झाडं दिसतात मावशी. कोणतं हिरवं हाये, कोणतं वाळून राह्यलं, बराबर कळतं."

"आन् आखाडा?"

कल्याण खाली बसून ड्रोनची पाती बसवत होता. मान वर न करता तो म्हणाला, "दिसतो की. पण आखाड्याचं आपल्याला काय काम?"

"मंग हे फोटो कुणाला दावू नको. तू आन् मी, बास."

"बिलकुल न्हाई, मावशी."

एवढंच बोलणं झालं. साळूबाई साठीची बाई. नवरा वारून बारा वर्षं झाली. सात एकर मोसंबी ती एकटी सांभाळते आणि शेतातल्याच दोन खोल्यांच्या घरात, आखाड्यात, राहते. गेल्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं आणि झाडं वाळायला लागली. कोणती ठेवायची, कोणती उपटायची, हे कळावं म्हणून तिनं ड्रोनवाल्याला बोलावलं होतं. काम अर्ध्या तासाचं. चहा तिनं बांधावर आणून दिला, आखाड्याकडं चल म्हणाली नाही. कल्याणच्या ते ध्यानातही आलं नाही.

रोज संध्याकाळी त्या दिवशीच्या कामाचा एक फोटो तो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकायचा. त्यावरूनच नवी कामं यायची. त्या संध्याकाळीही त्यानं सवयीनं टाकला. खाली लिहिलं, 'सात एकर मोसंबी, तीर्थपुरी शिवार. दोन दिवसांत रिपोर्ट.' साळूबाईचं नाव लिहिलं नाही. नाव नाही म्हणजे शब्द पाळला, असं त्याला वाटलं. खरं तर वाटलं असंही नाही. त्यानं विचारच केला नव्हता.

त्याची बायको रूपाली असती तर हा फोटो गेलाच नसता. तीर्थपुरीच्या बसस्टँडसमोरच्या त्या दुकानात दोघांची कामं वाटलेली होती. तो उडवायचा, ती बघायची. शेकडो फोटो जोडून बागेचा एक मोठा फोटो करायचा आणि गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी त्यातलं घर, अंगण, न्हाणी कापून टाकायची, हे तिचं काम. शेतावरच्या न्हाण्यांना चारी बाजूंनी पत्रा असतो, वर काही नसतं. वरून कोण बघणार, असं धरूनच त्या बांधलेल्या. त्यामुळं सुरुवातीला बायका ड्रोन उडू देईनात. मग रूपाली वस्त्यावस्त्यांवर गेली आणि म्हणाली, फोटो आधी मी बघते, हे गडी न्हाई बघत. तेव्हा कुठं बायांनी उडू दिलं. मागच्या माघात ती पोटाच्या दुखण्यानं गेली. त्यानंतर फोटो कोण बघतं हे कुणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. जोडायचं काम आता कॉम्प्युटर आपोआप करत होता. तिच्या खुर्चीत बसून एकेक फोटो बघणं कल्याणला जमत नव्हतं. दहा महिन्यांत त्यानं एकही फोटो धड बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास एक माणूस दुकानात आला. पस्तिशीचा, इस्त्रीचे कपडे, पण डोळे झोप न झाल्यासारखे.

"ड्रोनवाले कल्याणभाऊ तुम्हीच का?"

"हां, बसा. बाग कुठं हाये?"

"बाग न्हाई. मी धर्मराज, मंठ्याचा." त्यानं मोबाइल पुढं केला. त्यावर कालचा फोटो होता. "आमच्याकडच्या कृषी केंद्रवाल्यापाशी तुमचा नंबर हाये. त्याच्या मोबाइलात बघितला आन् माझ्यात घेतला. ह्या कोपऱ्यात बघा. हे निळं काय हाये?"

कल्याणनं डोळे बारीक केले. आखाड्यामागच्या कडुनिंबाखाली निळा ठिपका होता. "पत्रा आसंल. न्हाईतर ताडपत्री."

"स्कूटी हाये. माझ्या बायकोची."

धर्मराज खुर्चीवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांत घेतले.

"बावीस दिवस झाले, भाऊ. चार वर्षांची पोरगी बी संगं नेली. पोलिसात गेल्तो, सासरवाडीला गेल्तो, सगळ्या पावण्यारावण्यांत फिरलो. कुणी तोंड उघडंना. घरात गेलं की भांडं वाजंना, काय न्हाई. तुम्हाला बायको हाये ना?"

"होती."

धर्मराजनं वर बघितलं. "मंग तुम्हाला मी काय सांगू?" आणि त्याच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं.

रूपाली अमक्याच्या फोटोत दिसली असं कुणी सांगितलं असतं, तर कल्याण पाया पडला असता त्या फोटोवाल्याच्या. त्याचा हात माऊसवर गेला. कॉम्प्युटरवर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचा कप्पा होता. पण कॉम्प्युटर जुना आणि साळूबाईचे फोटो तीनशेच्या वर. एकेक उघडायला वेळ लागत होता.

"साफ दिसंल असा मोठा काढायला टाइम लागंल," तो म्हणाला. "दीड वाजता या. बाग कुठली ते बी सांगतो."

"तुमचे उपकार व्हतील भाऊ. मी समोरच हाटेलात हाये." धर्मराजनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

असा कल्याणनं एकाच फोटोसाठी दोघांना शब्द दिला.

तो रूपालीच्या खुर्चीत बसला आणि फोटो उघडायला लागला. ड्रोन दर दोन सेकंदाला एक फोटो घेतो. झाडांच्या ओळीवरून जातो, टोकाला वळतो, शेजारच्या ओळीवरून परत येतो. आखाडा ओळींच्या टोकाला होता, म्हणून तो पुन्हा पुन्हा आला होता.

पहिल्या फोटोत अंगणात बाज होती. बाजेवर लहान पोरगी, तिच्यामागं एक बाई, बहुतेक वेणी घालत होती. कडुनिंबाखाली निळी स्कूटी.

दुसऱ्या फोटोत दोघींची तोंडं वर होती. ड्रोनचा आवाज ऐकून माणसं वर बघतात. कल्याणनं अशी हजारो तोंडं बघितली होती. पोरं हात हलवतात, बाया पदर तोंडाला लावून हसतात, म्हातारे कपाळावर हात धरतात. ह्या बाईचं तोंड तसं नव्हतं.

तिसऱ्या फोटोत बाज कलंडली होती आणि बाई पोरीला काखोटीला मारून दाराकडं पळत होती. एकाच हातानं उचललं होतं. दुसरा हात कोपरापर्यंत पांढरा दिसत होता. कल्याणनं फोटो मोठा केला, अजून मोठा केला. प्लास्टर होतं.

चौथ्या फोटोत अंगणात कुणी नव्हतं. दार बंद. पायरीखाली पोरीची एक चप्पल पडलेली.

तीन मिनिटांनंतरच्या फोटोत स्कूटीवर पोती टाकलेली होती. आणि स्टेटसला गेला होता तो दुसरा फोटो. कॉम्प्युटरनं निवडलेला. मोबाइलवर त्यात निळा ठिपका तेवढा कळायचा, माणसं नाही.

कल्याणनं आधी मोबाइलवरचं स्टेटस काढलं. मग खिडकीतून बघितलं. धर्मराज हॉटेलच्या बाहेरच्या बाकड्यावर तोंड दुकानाकडं करून बसला होता. कल्याणनं मागच्या खोलीत जाऊन साळूबाईला फोन लावला.

"काय रे, रिपोट झाला का?"

"मावशी, तुमच्याकडं कुणी राहून राह्यलं का?"

"कोण म्हणलं तुला?"

"फोटोत दिसलं."

"तू कुणाला दावला?"

कुणालाच नाही, असं म्हणता आलं असतं. "स्टेटसला टाकल्ता मावशी. काल. आत्ता काढला."

"स्टेटस म्हंजी?"

"ज्यांच्यापाशी माझा नंबर हाये, त्यांना दिसतं."

"म्हंजी गावाला."

"हां."

"मी तुला सांगितल्तं."

"हां मावशी. तिचा नवरा आलाय. माझ्या दुकानासमोर बसलाय. बाग कुठली ते अजून कळलं न्हाई त्याला."

साळूबाईनं फोन बाजूला धरला असावा. आत कुणीतरी हळू बोललं, मग काहीतरी जमिनीवर पडल्याचा आवाज आला. ती परत बोलली तेव्हा तिचा आवाज कोरडा होता.

"भावना हाये तिचं नाव. तिची माय आन् मी वीस वरीस एका पातीला खुरपलं. आमचं नातं न्हाई, गोत न्हाई, म्हणून तर त्याला इथं सापडली न्हाई. हात मोडलाय त्यानं तिचा. त्याच्याआधी दोन बरगड्या. उद्या जालन्याच्या कोर्टात तिची तारीख हाये. आज दीडच्या बसनं फाट्यावरून निघायची. भाऊ जालन्याच्या स्टँडवर येनार घ्यायला."

"मी घेऊन जातो मोटरसायकलवर."

"येडा का खुळा? तू हाललास की तो तुझ्यामागं येईल. त्याला घर दावतोस का आता?"

ते खरं होतं.

"आन् ती बस तुझ्या तीर्थपुरीवरूनच जाती," साळूबाई म्हणाली. "दोन वाजता स्टँडवर येती, धा मिनटं थांबती. तू म्हणतोस तो तिथंच बसलाय. तर त्याला तिथून हालव. कसा हालवायचा ते तू बघ. घोळ तुझा हाये." तिनं फोन ठेवला.

सव्वाला धर्मराज आला. पंधरा मिनिटं आधीच. "झालं का भाऊ?"

कल्याणला खोटं बोलता येत नसे. घरात खोटं बोलायचं कामही रूपालीच करायची, उधारीवाल्यांशी, पाहुण्यांशी. त्यानं ड्रोनची पेटी बंद केली आणि पेटीकडं बघूनच म्हणाला, "फोटो मोठा केला की फुटून राह्यला. परत उडवावा लागंल. त्या बागेवरच चाललो. तिथंच लाइव्ह बघा."

"चला." धर्मराज लगेच म्हणाला. "मी माझी गाडी काढतो."

गाडी बरोबर असली तर तो कधीही वळून येऊ शकत होता. "कशाला दोन गाड्या?" कल्याण म्हणाला. "रस्ता खराब हाये. पेटी कुणी तरी धरायला पायजेच. बसा माझ्यामागं."

धर्मराज क्षणभर थांबला. मग पेटी मांडीवर घेऊन मागं बसला आणि एक हात कल्याणच्या खांद्यावर ठेवला. बस यायची-जायची तो रस्ता सोडून जांब समर्थच्या रस्त्याला कल्याणनं गाडी घातली. खांद्यावरचा हात जड होता. खड्डा आला की बोटं रुतायची.

"लांब हाये का?"

"जवळच."

"बागवाला कोण हाये?"

"हाये एक गिऱ्हाईक."

थोडं पुढं गेल्यावर धर्मराज त्याच्या कानाशी म्हणाला, "एकदा सापडू द्या भाऊ. मंग ती कुठं जात न्हाई." सकाळी रडला होता तोच आवाज. कल्याणनं गाडी हळू केली, जितकी हळू चालेल तितकी.

कल्याणच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या, राधेश्यामच्या बागेत तोडणी चालू होती. दहा-बारा बाया-गडी क्रेट भरत होते. बाई एकटी असेल अशा ठिकाणी ह्याला न्यायचं नाही, एवढा विचार कल्याणनं केला होता. मोसंबीच्या ढिगापाशी उभा असलेला राधेश्याम त्याला बघून लांबूनच ओरडला, "अरे कल्याण! बिनबोलावता आलास? आता फुकटात उडवून राह्यला का?"

धर्मराजनं कल्याणकडं बघितलं.

"टेस्टिंग हाये दादा," कल्याण म्हणाला. "पाती नवी टाकली."

"उडव, उडव. माझ्या मजुरांत कोण झोपतं तेवढं सांग मला!" मजूर हसले.

दोनला दहा कमी होते. कल्याणनं पेटी उघडली. पाती बसवली, काढली, पुन्हा बसवली. बॅटरी पुसली. धर्मराज शेजारी उभा राहून त्याचे हात बघत होता. शेवटी ड्रोन उडाला. रिमोटच्या पडद्यावर झाडांच्या ओळी दिसायला लागल्या. कल्याण एकेका ओळीवरून सावकाश नेत होता.

"आखाडा दावा."

"क्रमानं जावं लागतं."

"आखाडा दावा म्हणलं ना."

आखाडा आला. पत्र्याचं एक लांब शेड, त्याच्या बाजूला निळं काहीतरी. धर्मराज पडद्यावर वाकला.

"औषधाचा ड्रम हाये," कल्याण म्हणाला. "तेच दिसलं आसंल तुम्हाला."

धर्मराजनं आपला मोबाइल काढला आणि पडद्याशेजारी धरला. एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं. "ह्यात दोन खोल्या हायेत. अंगण हाये. कडुलिंबाचं झाड हाये." त्याचा आवाज एकदम खाली आला. "ही ती बाग न्हाई. मला कुठं आणलंस तू?"

पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती. दोन वाजून तीन मिनिटं. बस आता स्टँडवर उभी असणार.

"तुला ठावं हाये ती कुठं हाये ते." धर्मराजनं कॉलर धरली. "सकाळपासून ठावं हाये!"

"फोटो गिऱ्हाइकाचा हाये. देत न्हाई मी."

"सकाळी देत होतास ना?"

"सकाळी मी फोटो बघितला नव्हता."

धर्मराजनं रिमोटला हिसका मारला. ड्रोन कलला, झाडांवर आपटला आणि पाती फांद्यांत अडकून घरघरत राहिली. तोडणारी एक बाई किंचाळली. धर्मराज कल्याणला ढकलत बांधापर्यंत घेऊन गेला. "माझी बायको हाये ती! तू कोण मधी? तुझी मेली म्हणून दुसऱ्याची लपवतोस का?"

कल्याणनं ते ऐकलं. त्यानं हात वर केला नाही. तो मनात मिनिटं मोजत होता.

"ए पावणे!" राधेश्याम धावत आला, मागं चार गडी. आता त्याच्या तोंडावर चेष्टा नव्हती. "कॉलर सोड. माझ्या बागेत मारामारी न्हाई चालत. सोड म्हणलं ना."

धर्मराजनं सोडलं. इकडंतिकडं बघितलं आणि त्याच्या ध्यानात आलं, त्याची गाडी तीर्थपुरीच्या स्टँडवर होती. तो कल्याणच्या मोटरसायकलकडं वळला, पण किल्ली कल्याणच्या खिशात होती आणि मधे चार गडी होते. तो पायीच रस्त्याला लागला. बऱ्याच वेळानं एका टेम्पोनं त्याला घेतलं. तेव्हा पावणेतीन झाले होते. कल्याण बांधावर बसला.

धर्मराज दोन दिवस तीर्थपुरीत होता. दुकानासमोर बसायचा. कल्याण दुकान उघडायचा, बंद करायचा, कुठं जात नव्हता. तिसऱ्या दिवशी बाकडं रिकामं दिसलं. हॉटेलवाला म्हणाला, मंठ्याला गेला, पोलिसांचा फोन आल्ता. तरी कल्याण अजून दोन दिवस थांबला. मग लॅपटॉप आणि रिपोर्टचा कागद घेऊन साळूबाईकडं गेला.

ती अंगणात तूर निवडत होती. बस म्हणाली नाही.

"पोचली का ती?" त्यानं विचारलं.

"पोचली. भावापाशी हाये. तारखेला गेल्ती." साळूबाईनं सूप खाली ठेवलं. "किती जणांनी बघितला रे तो फोटो?"

"एकशे शहाऐंशी."

"आता माझ्यासमोर पूस."

त्यानं लॅपटॉप तिच्याकडं वळवला आणि तिच्या नावाचा कप्पा पुसला. तिला वाचता येत नव्हतं, पण ती पडद्यावरून नजर काढत नव्हती.

"गेलं?"

"माझ्याकडचं गेलं."

"आन् त्या एकशे शहाऐंशींकडचं?"

कल्याणनं कागद पुढं केला. "एकसष्ट झाडं वाळली मावशी. ओळीनं लिहिलंय. पैसे नको मला."

"पैसे घेऊन जा. काम केलंस तर पैसे घे." तिनं कागद घडी करून कनवटीला लावला. "तू त्याला न्हेलास म्हणून ती बसली गाडीत, हे मला ठावं हाये. पण टाकला बी तूच. मी एकटी बाई हाये म्हणून तुला सांगितल्तं, तू हां म्हणलास."

"चुकलं मावशी."

"मला सांगून काय? वस्तीवर बारा घरं हायेत. तुझं ते यंत्र सगळ्यांच्या न्हाणीवरून जातं. बायांना अजून वाटतं, रूपाली बघती तसंच कुणीतरी बघतं. जा, सांग त्यांना. मी सांगणार न्हाई, तूच सांग."

तो गेला. पहिलं घर रेणुकाचं. ती दारात धुणं पिळत होती. त्याला बघून हसली. "काय भाऊ, आज इकडं? आमचा हरभरा बी मोजायचा हाये बरं का औंदा."

"वहिनी, एक सांगायचं होतं," कल्याण म्हणाला आणि बोलायला लागला. रूपाली गेल्यापासून फोटो कुणी बघत नाही हे सांगितलं. गेल्या महिन्यात ह्या वस्तीवरून दोनदा उडवलं, त्यात काय आलं ते आपल्याला माहीत नाही, हे सांगितलं. एक फोटो न बघता गावाला दाखवला आणि त्यावरून एका बाईच्या जिवावर बेतलं होतं, हेही सांगितलं. बाईचं नाव आणि जागा सांगितली नाही.

रेणुकाच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. तिनं एकदा अंगणाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याकडं बघितलं. मग दाराशी जाऊन आत हाक मारली, "आत्या, बाहीर या. ड्रोनवाला आलाय. तुम्ही बी ऐका काय म्हणतो ते."

तिची म्हातारी सासू हळूहळू बाहेर आली, उंबऱ्यावर बसली, पदर सारखा केला. "हां, बोल," ती म्हणाली.

कल्याणला सगळं पहिल्यापासून परत सांगावं लागलं. अजून अकरा घरं राहिली होती.